डाक विभागातला दुसरा प्रिंटर

माझ्या आईच्या मते माझ्या पायाला एक भिंगरी आहे आणि डोक्याला दोन. मेट्रोत बसायला जागा मिळाली तरी दोन स्टेशनांनंतर मी उठून दाराशी उभी राहते. कुलूप नीट लागलं का ते बघायला तीन मजले परत चढते. अशा बाईला सरकारी कार्यालयात नेटवर्कचं काम मिळालं, म्हणजे आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. फरीदाबादहून रोज दिल्लीला जायचं, दिवसभर लोकांच्या तारा तपासायच्या, आणि परत येताना वाटत राहायचं की कुठलीतरी एक राहिलीच.

गेल्या उन्हाळ्यात वरून आदेश आला की इमारतीतल्या प्रत्येक पोर्टवर ओळख तपासणी लावा. आमच्या प्रत्येक मजल्यावर भिंतीतलं एक कपाट आहे. त्यात स्विच नावाचा चपटा डबा असतो, आणि त्या मजल्यावरच्या सगळ्या संगणकांच्या तारा त्याच्या भोकांत येऊन बसतात. त्या भोकाला पोर्ट म्हणायचं. आजवर कुणीही यावं, तार खोचावी आणि नेटवर्कमध्ये शिरावं, असा धर्मशाळेचा कारभार होता. आता तार खोचली की स्विच आधी विचारणार, तू कोण. मिळालेलं नाव आणि पासवर्ड तो सर्व्हरकडे पाठवणार, सर्व्हर यादी बघून हो किंवा नाही म्हणणार, आणि हो आलं तरच ते पोर्ट उघडणार.

हे काम एकदम करायचं नसतं. पहिले दोन आठवडे स्विच नुसता बघत बसतो. विचारतो सगळ्यांना, अडवत कुणालाच नाही, फक्त लिहून ठेवतो. मला तेवढाही धीर नव्हता. मी रोज सकाळी चहाच्या आधी यादी उघडायची.

चौथ्या दिवशी एका नावावर माझी नजर अडकली. डाक विभागाचे जुने अधिकारी. आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झाले, लक्ष्मीबाई नगरचं क्वार्टर सोडून गावी गेले. त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमात मी स्वतः दोन समोसे खाल्ले होते. आणि हे गृहस्थ यादीप्रमाणे रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हजर! नोकरीत असताना ते साडेदहाच्या आत कधी उगवले नव्हते. मला आधी हसू आलं. मग मी पोर्टचा नंबर बघितला. ते टेबल ताईंचं होतं.

ताई मूळच्या नांदेडकडच्या. नवऱ्याच्या नोकरीमागे दिल्लीत आल्या, नवरा गेला तरी इथंच राहिल्या, आणि सोळा वर्षं एजन्सीमार्फत आमच्याकडे ऑपरेटर. कार्यालयात येणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून नोंदवलं जायचं आणि त्यावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी लागूनच साहेबांच्या टेबलावर जायचं. मी नवीन होते तेव्हा माझ्या मोबाइलच्या कव्हरवरचं निळं चक्र बघून त्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जयभीम, कुठली गं तू? तेव्हापासून आम्ही परतीच्या मेट्रोत एकत्र. त्या मला तू म्हणायच्या, माझ्या उभं राहण्यावरून चिडवायच्या. बस की बाई, मेट्रो काय तुझ्या पायांवर चालतेय का, असं.

आता निवृत्त माणसाच्या नावानं त्या कशा बसत होत्या, तर त्यात त्यांचा काही डाव नव्हता. आमच्याकडे एजन्सीच्या माणसांना स्वतःचं खातं नसतं. अधिकारी आपला पासवर्ड कागदावर लिहून देतात, ऑपरेटर त्यावर काम करतो, आणि हे शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. बाकी तीन ऑपरेटरांचे अधिकारी नोकरीत होते म्हणून ते यादीत खटकले नाहीत. ताईंचे निवृत्त झाले, नवे कुणी आले नाहीत, जुनं खातं बंद करायला प्रशासन विसरलं, आणि ताई निमूटपणे काम करत राहिल्या. दुसरं करायचं तरी काय? पत्रं थोडीच यायची थांबतात.

त्या संध्याकाळी मेट्रोत मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या डोक्यात तेव्हा एकच गोष्ट असायची. मंत्रालयात एक फाईल फिरत होती, ज्यांची दहा वर्षं सलग झालीत त्यांना कायम करायची. खरी होती की अफवा, देव जाणे, पण ताई त्या फाईलवर जगत होत्या. सलग या शब्दावर त्यांचं सगळं अडलेलं होतं. आजारी असतानाही त्या येऊन बसत, कारण मध्ये खंड पडला की सोळा वर्षं पाण्यात. त्या एवढंच म्हणाल्या, "मला काढतील का गं?"

मी म्हटलं, छे, असं कसं काढतील. पण मला माहीत होतं. अहवाल वर गेला की कुणीतरी चौकशी लावणार, आणि ज्यांनी पासवर्ड दिला ते गावी, ज्यांनी खातं बंद केलं नाही ते प्रशासनात, राहता राहिल्या ताई. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

सरळ मार्ग होता त्यांचं स्वतःचं खातं उघडण्याचा. त्यासाठी एजन्सीच्या पत्रात नाव लागतं. मी पत्र काढून बघितलं. त्यात लिहिलेलं होतं, डाटा एन्ट्री ऑपरेटर, चार. नावं नाहीतच. चार खुर्च्या मागवल्यासारखं. एजन्सीच्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, कल देखते हैं. त्याचा तो कल आठवडाभर चालला. इकडे संचालकांनी तारीख ठरवून टाकली, येत्या सोमवारपासून तपासणी चालू. माझी झोप उडाली. जेवताना मी पोर्टचे नंबर मोजत होते. घरचे म्हणाले, अगं जरा चावून तरी खा.

आणि मग मला ती युक्ती सुचली, जी फक्त माझ्यासारख्या माणसालाच सुचू शकते. प्रिंटर आणि कॅमेरे यांना तू कोण म्हणून विचारलं तर बिचारे काय सांगणार? म्हणून त्यांची वेगळी यादी असते. प्रत्येक यंत्राला जन्मजात एक क्रमांक असतो, तो त्या यादीत घालायचा, की स्विच त्याला न विचारता आत सोडतो. शनिवारी दुपारी इमारत रिकामी असताना मी निवृत्त साहेबांचं खातं बंद केलं, ताईंच्या संगणकावर पासवर्ड न लागणारं साधं खातं उघडलं, ओळख सांगायची त्याची सोय बंद केली आणि त्याचा क्रमांक त्या यादीत टाकला. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, प्रिंटर, डाक विभाग, दोन. डाकेचा प्रोग्रॅम विभागाच्या नावानं चालायचा, त्याला काही फरक पडणार नव्हता. इतकं हलकं वाटलं की परतीच्या मेट्रोत मी चक्क शेवटपर्यंत बसून राहिले.

सोमवारी पोर्टं एकेक करून हिरवी झाली. दोघा-तिघांचे पासवर्ड चुकले, एका साहेबांनी माझ्यावर आवाज चढवला, मीही चढवला. ताईंचं टेबल सुरळीत चाललं. मी त्यांना फक्त सांगितलं की काम झालं, काळजी सोडा. कसं झालं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. दुपारी माझ्या टेबलावर कागदात गुंडाळलेले दोन शेंगदाण्याचे लाडू आले.

पुढच्या महिन्यात प्रिंटर दुरुस्तीचा कंत्राटदार वार्षिक तपासणीला आला. प्रशासनानं त्याला प्रिंटरची यादी दिली, आणि ती त्यांनी माझ्याच यादीवरून छापून घेतली होती. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायला हवं असं त्यांना वाटायचं काही कारणही नव्हतं. तो माणूस डाक विभागात गेला, एक प्रिंटर साफ केला आणि दुसरा कुठंय म्हणून विचारू लागला. ताई म्हणाल्या, एकच आहे. तो म्हणाला, नाही मॅडम, इथं लिहिलंय, याच टेबलावर. त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं. मग तार धरून पोर्टचा नंबर कागदाशी जुळवला. विभागातले लोक हसले. वाईट मनानं हसले नसतील, पण हसले. त्यातला एक म्हणाला, अरे, ये तो अपनी मॅडम हैं, टोनर डाल दो.

मी खाली पोचले तेव्हा ताई त्या कागदाची घडी घालत होत्या. त्या मला पायऱ्यांपाशी घेऊन गेल्या. आवाज जराही वाढला नव्हता.

"सोळा वर्षं दुसऱ्याच्या नावानं बसले. पण तो माणूस तरी होता गं."

मी समजावू लागले की यादीतला तो नुसता एक रकाना आहे, तुमच्यासाठीच केलं, तुमच्यात खंड पडू नये म्हणून केलं. बोलता बोलता माझाच आवाज मला खोटा वाटायला लागला. करायला गेले एक आणि झालं भलतंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, काढ मला त्या यादीतून, आत्ताच. मी म्हटलं, मग तुमचं पोर्ट बंद पडेल, ताई, हे हात दाखवून अवलक्षण होईल. त्या म्हणाल्या, पडू दे. मशीन विचारतंय ना, कोण आहेस म्हणून? मग मला सांगू दे की.

मी काढलं. संगणकावरची मी बंद केलेली सोयही परत चालू केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पडद्यावर ती छोटी चौकट उघडली, नाव आणि पासवर्ड मागणारी. ताईंनी स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं पूर्ण टाकलं. पासवर्ड काय टाकला, मला माहीत नाही. चौकट बंद झाली आणि परत उघडली. त्यांनी परत टाकलं. मग त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि पत्रं हातानं नोंदवायला सुरुवात केली. मध्ये हात मोकळा झाला की पुन्हा चौकटीत नाव टाकायच्या. हे आठवडाभर चाललं.

वर माझ्या पडद्यावर त्या नोंदी येत होत्या. नऊ दहा, त्यांचं पूर्ण नाव, नाकारले. नऊ चाळीस, नाकारले. अकरा पाच, नाकारले. मी दर पाच मिनिटांनी बघायची आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन यायची. सोळा वर्षांत कार्यालयाच्या कुठल्याही दप्तरात त्यांचं नाव पहिल्यांदाच उमटत होतं, आणि ते असं.

दर शुक्रवारी नाकारलेल्या प्रयत्नांचा अहवाल संचालकांकडे जायचा. ज्याचे प्रयत्न जास्त तो सगळ्यात वर. त्या नावावर बोट ठेवून ओळ उडवणं मला एका क्षणाचं काम होतं. मी माउस धरून किती वेळ बसले, सांगता येत नाही. मला ताईंची भीती वाटत होती आणि संचालकांचीही, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त स्वतःच्या नोकरीची. शेवटी ओळ तशीच ठेवून अहवाल पाठवला आणि लगेच पश्चात्ताप झाला.

तासाभरात बोलावणं आलं. संचालक मूळचे बिहारचे, मोजकं बोलणारे. त्यांनी पहिल्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, ये कौन है, कोई बाहर का आदमी घुसने की कोशिश कर रहा है क्या? त्यांच्या टेबलावर त्या दिवसाची डाक पडलेली होती. मी वरचं पत्र उचललं आणि त्यावरची चिठ्ठी दाखवली. म्हटलं, सर, हे अक्षर ज्यांचं आहे, त्या.

ते चिठ्ठीकडे बघत राहिले. डाकवाली मॅडम म्हणून ते त्यांना रोज ओळखत होते, नाव कधी लागलंच नव्हतं. मग त्यांनी विचारलं की आधी काम कसं चालायचं, आणि मी सगळं सांगून टाकलं, निवृत्त साहेबांचं खातं, प्रिंटर, सगळं. त्यांनी मला रागावण्याऐवजी एजन्सीला फोन लावला आणि नावासकट पत्र मागितलं. मला म्हणाले, पुरानी बातें लिखने की ज़रूरत नहीं. मी खोलीबाहेर आले. मी जिंकले होते. मी धावत खाली जाऊन ताईंना सांगितलं, आणि त्यांनी माझ्या गालावर हात फिरवला.

जे पत्र आठवडाभर कल कल करत अडलं होतं ते दोन दिवसांत आलं. नाव बरोबर होतं, एक मात्रासुद्धा चुकलेली नव्हती. खाली रुजू होण्याची तारीख होती, याच महिन्याची एक.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी एजन्सीच्या माणसाला फोन करून अर्धा तास भांडले. सोळा वर्षं त्या इथं बसतात, एजन्स्या तीन बदलल्या, खुर्ची तीच, माणूस तोच, आणि तुम्ही लिहिता या महिन्यात आल्या? त्यानं सगळं ऐकलं. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, पुरानी तारीख लिखकर दूँगा, तो कल ये लोग कोर्ट में यही काग़ज़ दिखाएँगे. आपने नाम माँगा था, नाम दे दिया."

इतकी वर्षं कार्यालयात त्यांच्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून खंड पडलाय असंही कुणी म्हणू शकत नव्हतं. आता तसं म्हणू देणारा कागद मीच मागून घेतला होता. संचालकांकडे परत गेले. ते म्हणाले, एजन्सीचा अंतर्गत मामला आहे, आपण त्यात पडू शकत नाही. आणि म्हणाले, जागा रिकामी ठेवता येणार नाही, आजच काय ते करा.

ताई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मी म्हटलं, ताई, नका घेऊ हे, आपण वकिलाकडे जाऊ, मी येते तुमच्यासोबत, साक्षीला उभी राहते. मनापासून म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, तोवर माझ्या खुर्चीवर कोण बसेल? मग त्यांनी पत्र माझ्यापुढं सरकवलं. त्या म्हणाल्या, "टाक तारीख."

खातं उघडण्याच्या अर्जात तो रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. तो सक्तीचा मीच केला होता, नोंदी नीटनेटक्या असाव्यात म्हणून. मी त्यांचं नाव टाकलं. त्यांनी वाकून तपासलं. मग मी तारीख टाकली, आणि तीही त्यांनी वाकून तपासली. उद्या सकाळपासून चालेल, म्हटलं. त्यांनी मान हलवली. संध्याकाळी मी मेट्रोच्या फाटकापाशी थांबले, तीन गाड्या सोडल्या. त्या आल्या नाहीत, आधीच्या गाडीनं गेल्या असतील.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझ्या टेबलावरचा मदतीचा फोन वाजला. ताईंनी त्या फोनवर कधी फोन केलेला नव्हता. काही अडलं की मोबाइलवर, ए, खाली ये जरा, एवढंच असायचं.

"मॅडम, मी डाक विभागातून बोलतेय. या महिन्यातच रुजू झालेय. पासवर्ड बदला म्हणतंय, काय करू?"

त्या हसतील म्हणून मी वाट बघितली. नंतर सांगितलं, कमीत कमी आठ अक्षरं हवीत, त्यात एक आकडा घाला.